दुरुस्तीचा तास

चौथीचा वर्ग घ्यायला आमच्या शाळेत कुणी राजी नसतं. पहिलीची पोरं रडतात, पण ती रडून गप्प बसतात. चौथीची पोरं प्रश्न विचारतात. त्यात हा शाळेतला शेवटचा वर्ग. पोर पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलं आणि तिथं त्याला हातच्याची वजाबाकी जमली नाही, की बोट आमच्याकडं. भागाकार, अपूर्णांक, नकाशा, दिशा, लिटर-मिलिलिटर, शिवाजी महाराजांचा इतिहास, इंग्रजीची चार वाक्यं आणि 'माझी आई' हा निबंध, एवढं सगळं एका माणसानं एका वर्षात शिकवायचं. मधल्या वेळात खिचडीचा फोटो काढून पाठवायचा, पोरांचे आधार नंबर जुळवायचे, मतदार याद्या घेऊन गावभर फिरायचं. गेली तीन वर्षं हा वर्ग माझ्याकडं आहे. घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागायच्या आधी मी दहा मिनिटं नुसती भिंतीला टेकून बसते. मुलं विचारतात, आई काय झालं. काही झालेलं नसतं.

माझ्या आधी चोवीस वर्षं हा वर्ग एकाच माणसाकडं होता. आम्ही त्यांना सर म्हणायचो, गाव गुर्जी म्हणायचं. सर कधी दमलेले दिसले नाहीत, आणि त्याचा मला तेव्हा फार राग यायचा.

आमचं गाव कुरुंदवाडच्या बाजूला, नदीकाठचं. चार वर्ग, चार शिक्षक, मध्ये पटांगण. माझा दुसरीचा वर्ग सरांच्या वर्गाला लागून होता. मधली भिंत अर्धीच, वर पत्र्यापर्यंत मोकळी. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द माझ्या वर्गात ऐकू यायचा. आवाजही असा, की पोरं दोन हातांवर आहेत की नदीपलीकडं, असा प्रश्न पडावा. एखाद्या पोरानं उत्तर चुकवलं तर सर 'चूक' म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "कसं आलं हे? वाट दाखीव." मग ते पोर सातातून नऊ जात नाहीत म्हणून नवातून सात कसे घालवले ते सांगायचं, आणि सर मन लावून ऐकायचे. माझ्या वर्गातली पोरंही पाढे सोडून तिकडंच कान लावून बसायची.

त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात खडू असायचा आणि दुसऱ्यात स्टीलची छोटी डबी. डबीत गुळाचे खडे. तो गूळ शनिवारसाठी होता.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटचा तास सगळीकडं खेळाचा असतो. सरांच्या वर्गात तो दुरुस्तीचा तास होता. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, 'या आठवड्यातल्या माझ्या चुका', आणि खाली एक, दोन, तीन. सोमवारी पाऊण लिटर म्हणजे सातशे मिलिलिटर लिहिलं, ते साडेसातशे. बुधवारी एका पोराला उगाच उभं केलं, बोललं दुसरंच होतं. हे लिहून झालं की वर्गाकडं वळायचे. "आता तुमी सांगा. आनी काय ऱ्हायलं?" जो नवी चूक दाखवेल त्याला गुळाचा खडा. पोरं आठवडाभर टपून असायची. वर्गात एवढं लक्ष देऊन ऐकणारी पोरं मी दुसरीकडं पाहिली नाहीत.

आमच्या मुख्याध्यापकांना वाटायचं की सर मुद्दाम चुकतात. एकदा त्यांनी विचारलं तसं. सर म्हणाले, "मुद्दाम चुकायला येळ कुठाय? आपोआप हुत्यात की."

एका शनिवारी केंद्रप्रमुख आले. फळ्यावर सात चुका लिहिलेल्या. त्यांनी सरांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्या भिंतीजवळ. "अहो, असं फळ्यावर लिहून ठेवतात का? पालक बघतील."

"बघू देत की. त्यांचीच पोरं हाईत."

मग साहेबांनी वर्गाला दोन शब्द सांगितले. बोलता बोलता म्हणाले, सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवतो, तसं आपणही रोज वेळेवर उठावं. एका मुलीनं हात वर केला. "साहेब, रोज न्हाई. वर्सातनं दोनदाच बरोबर पूर्वेला. आमी काठी लावून बघितलंय." पटांगणात सरांनी खरंच एक काठी रोवली होती आणि पोरं वर्षभर तिची सावली खडूनं आखायची. साहेब हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. सरांनी सगळ्यांसमोर डबी काढली आणि त्या मुलीला खडा दिला. त्या वर्षी सरांचा गोपनीय अहवाल कसा गेला असेल ते सांगायला नको.

पण त्यांचं खरं वेड पुढंच होतं. वर्गातली पोरं समोर असतात, त्यांची दुरुस्ती शनिवारी होते. चौथी होऊन गेलेल्या पोरांचं काय? अकरा वर्षं त्यांनी शिकवलं होतं की बटाटा म्हणजे मूळ. मग कुठंतरी वाचलं की ते खोड आहे, जमिनीखालचं. झालं. जुनी हजेरीपुस्तकं काढली, नावं उतरवली आणि सुट्टीच्या दिवशी मोपेडवरून घरोघरी निघाले. त्यातली एक मुलगी नुकतीच लग्न होऊन जयसिंगपूरला गेलेली. सासरच्या दारात गुर्जी उभे. सासूला वाटलं, माहेरी काहीतरी बरंवाईट झालं. सर म्हणाले, "काय न्हाई, बटाटा मूळ न्हाई, खोड हाय, एवढं सुनबाईस्नी सांगा." आणि चहा न घेता निघाले. ती मुलगी पुढं बरीच वर्षं सासरी बटाट्यावरून बोलणी खात होती.

मी त्यांना म्हटलं, सर, कुणाचं काय अडलंय बटाट्यावाचून? ते म्हणाले, "फळ्यावरचं पुसता येतंय, बाई. डोसक्यातलं पुसायचं तर घरी जावं लागतंय." मी मान हलवली आणि हजेरी भरायला लागले. मला साडेअकराची एसटी गाठायची असायची. ती चुकली की पुढची दीडला.

आता पुराचं सांगते, कारण त्याशिवाय हे सांगण्यात अर्थ नाही.

नदीकाठच्या गावात पाणी कुठवर येतं हा चौथीचा धडा असतो, पुस्तकात असो वा नसो. सरांनी तो पुरा शिकवला होता. मी शाळेत यायच्या कितीतरी आधी त्यांनी गावातल्या सात म्हाताऱ्यांना पारावर गाठून विचारलं होतं, तुमच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पूर कुठवर? सातही जणांनी देवळाच्या एकाच पायरीवर बोट ठेवलं. मग गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन सरांनी पोरांकडून ती पातळी देवळापासून शाळेपर्यंत आणवली आणि शाळेच्या जोत्यावर निळ्या रंगाची रेघ मारली. रेघ व्हरांड्याच्या वीतभर खाली होती. म्हणजे शाळेला पाणी लागत नाही. दर वर्षी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला. पूर आला तर कुठे जावे? आणि गावातलं कुठलंही पोर झोपेतून उठवलं तरी सांगायचं, शाळेत.

पुराच्या वर्षी जूनमध्ये मुजावरांच्या आजी आपल्या नातीला, शबानाला, माझ्या वर्गात सोडायला आल्या. गावातलं सगळ्यात जुनं माणूस. वाकलेल्या, हातात काठी. जाताना त्यांनी काठीनं त्या निळ्या रेघेवर टकटक केलं.

"ही रेघ खोटी हाय, बाई."

मी म्हटलं, "का हो आजी?"

"माझं लगीन झाल्तं त्याच साली पानी आल्तं. हितं शाळा नव्हती तवा, चिच्चेचं झाड हुतं. त्याच्या पार फांदीला नाव बांधली हुती आमच्या मालकानी. गुर्जीस्नी सांगा."

मी हो म्हटलं. पारावरचे ते सात म्हातारे या बाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते. ती लग्न होऊन आली तेव्हा ते रांगत असतील. आणि पारावर बाया बसत नाहीत, म्हणून सरांनी एकाही बाईला विचारलं नव्हतं. एवढं साधं होतं ते. मला तेव्हाच कळलं होतं. त्या शनिवारी पलीकडून सरांचा आवाज आला, "आनी काय ऱ्हायलं?" मी पर्स आवरत होते. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. वाटलं, सांगितलं तर हा माणूस आत्ता नळी घेऊन चिंचेची जागा शोधत बसेल आणि मलाही बसवेल. सोमवारी सांगू. सोमवारी पुस्तकं वाटायची होती. मग विसरले, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. विसरले नव्हते. कंटाळा केला होता.

ऑगस्टमध्ये पाणी चढलं. मुजावरांचं घर आजींच्या हट्टापायी पहिल्याच दिवशी पाहुण्यांकडं निघून गेलं. बाकीची अर्धी गल्ली शाळेत आली. चौथीत संकेत म्हणून पोरगा होता, त्याचा बाप जनावरं घेऊन उंचावरच्या माळाला निघालेला. पोरानं त्याला हाताला धरून थांबवलं. "आबा, सर म्हणत्यात शाळेला पानी लागत न्हाई." बापानं दोन्ही म्हशी शाळेमागं बांधल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी निळ्या रेघेला लागलं, थांबलं नाही, व्हरांड्यात आलं, वर्गात शिरलं. नावा आल्या, माणसं निघाली. सगळी वाचली. म्हशींना नावेत घेता येत नाही, आणि दावी सोडायला जाईपर्यंत मागच्या बाजूला पाणी माणसाच्या डोक्यावरून गेलं होतं. त्या घराची चूल त्या दोन म्हशींच्या दुधावर चालायची.

पाणी ओसरल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं, तर निळी रेघ खरवडून काढली आणि वर्गातल्या फळ्याच्याही वर, जिथं चिखलाचा डाग होता, तिथं नवी मारली. मग ग्रामसभा झाली. त्यात सर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. बावीस वर्सं मी तुमच्या पोरांस्नी चुकीचं शिकीवलं." मी बायांच्यात मागं बसले होते. तिथं उठून बोलायला हवं होतं. मी बसून राहिले.

त्यानंतर निवृत्तीपर्यंतचे त्यांचे सगळे शनिवार-रविवार जुन्या पोरांना शोधण्यात गेले. बावीस वर्षांची पोरं. नावापुढं बरोबरची खूण करत करत. बायको वैतागली, मुलानं मोपेडची किल्ली लपवली, तर सर एसटीनं जायला लागले. लोक म्हणायचे, गुर्जींच्या डोक्यावर परिणाम झालाय. शिक्षकांच्या बैठकीत तर त्यांची नक्कल व्हायची. मीही हसले आहे तिथं. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले आहे.

माझं माहेर कबनूरचं, भावाचे यंत्रमाग आहेत. एका रविवारी मी तिथं असताना सर मागाच्या शेडच्या दारात. भावाकडचा एक कामगार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना. सर दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा खिशातला खडू काढला आणि भिंतीवर लिहिलं, 'शाळेला पाणी लागत नाही हे मी चुकीचे शिकवले. पाणी येते.' तो तिशीतला बाप्या बोटानं एकेक अक्षर जोडत वाचायला लागला. 'चु-की-चे' ला अडकला. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "ह्याला मी वाचता येतंय म्हणून पुढं ढकलल्याला. एक दुरुस्ती सांगाया आलो, दुसरी निघाली." पुढचे कितीतरी रविवार ते त्याला जेवणाच्या सुट्टीत वाचायला शिकवत होते, हे भावानं नंतर सांगितलं.

सर निवृत्त झाले आणि चौथी माझ्याकडं आली. दुरुस्तीचा तास मी बंद करणार होते, पण पोरंच शनिवारी बाकं पुढं ओढून बसली. मग मी चालू ठेवला, नावापुरता. एखादी वेलांटी, एखादा हातचा. मला ना अंगात जोर होता ना इच्छा. शबाना आता चौथीत आली होती. आजी त्याच पावसाळ्यात गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी मी सवयीनं विचारलं, "अजून काय राहिलं?" शबानानं हात वर केला.

"बाई, एक ऱ्हायलंय. आजी म्हणायची, 'रेघ खोटी हाय म्हणून मी बाईंना सांगिटलं हुतं.' पुराच्या आदी. तुमी सरांना सांगिटलं न्हाई."

ती भांडत नव्हती. सोमवारची वजाबाकी चुकली हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात तिनं सांगितलं, आणि खाली बसली. मी फळ्याकडं वळले. चौतीस पोरं मागं बसली होती. मी लिहिलं, 'आजींनी मला सांगितले होते. मी सरांना सांगितले नाही.' अक्षर वाकडं आलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं, फळ्यावरचं सगळं उतरवून घेतात तसं.

त्या दिवशी साडेअकराची एसटी मी घरासाठी पकडली नाही, सरांसाठी पकडली. सर जयसिंगपूरला मुलाकडं राहतात. व्हरांड्यात बसून शेंगा फोडत होते. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नाहीतर सांगितलं नसतं.

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"कवा सांगिटलं म्हणालात आजीनं?"

"जूनमध्ये. शाळा सुरू झाल्या झाल्या."

"आनी मी तवा कुठं हुतो?"

"शेजारच्या वर्गात."

"भित्तीपल्याड." त्यांनी सूप बाजूला सारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. "बाई, दोन वर्सं दारोदार हिंडलो. लोक हसलं, त्याचं काय न्हाई. पर मला वाटायचं, गावात कुणालाच ठावं नव्हतं, म्हणून माझं चुकलं. तेवढ्यावर झोप लागायची मला."

मला रडू आलं. त्यांनी समजूत काढली नाही. सूनबाईंनी चहा आणला, तो दोघांचाही गार झाला. मग ते उठून आत गेले आणि डबी घेऊन आले. मला वाटलं, मला देतायत. त्यांनी एक खडा कागदात गुंडाळला.

"ह्यो शबानाला द्या. चूक तिनं धरली." आणि मी चपला घालत असताना मागून म्हणाले, "संकेतच्या बापाकडं कवा जाताय?"

मी म्हटलं, उद्या रविवार आहे, सोमवारी शाळा सुटल्यावर जाते. त्यांनी डबी खिशात टाकली. पुराआधीच्या माझ्या त्या 'सोमवारी सांगू'चं त्यांना ठाऊक नव्हतं, तरी मी म्हटलं, उद्याच जाते.

रविवारी गेले. गोठ्यात एकच म्हैस होती, तीही मेहुण्यानं सांभाळायला दिलेली. संकेतचा बाप वैरण टाकत होता. त्यानं बसायला पोतं टाकलं. मी उभीच राहिले.

"गुर्जी बी असंच हुबं ऱ्हायलं हुतं," तो म्हणाला. "मी त्यास्नी म्हणलो, तुमी कशापायी मनाला लावून घेताय? तुमाला कुणी सांगिटलं असतं, तर त्याच दिवशी रेघ पुसली असती तुमी. कुणी सांगिटलं न्हाई, त्यात तुमचा काय दोस?"

मी म्हटलं, "मला सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही."

त्याच्या हातात वैरणीची पेंडी होती. तो वळला, पेंडीची दोरी सोडली आणि वैरण म्हशीपुढं पसरली, सगळी, एकेक काडी सारखी करत. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी बराच वेळ तिथं उभी होते.